दोनशे मीटरांचा नमस्कार

रत्नागिरीत जहाजावर काम केलेल्या प्रत्येक माणसाला कॅप्टन म्हणतात. भटारखान्यात तीस वर्षं कांदे चिरून आलेला गृहस्थही हातखंब्याच्या फाट्यावर गाडीतून उतरला की कॅप्टन होतो, आणि घरी पोचेपर्यंत त्याला ते पटलेलंही असतं. मी निदान सेकंड ऑफिसर होतो. जहाज कुठं आहे आणि कुठं चाललंय हे नकाशावर दाखवायचं, हे माझं खातं. त्यामुळे कुणी कॅप्टन म्हटलं की मी ‘अहो, नाही हो’ म्हणतो, पण अशा बेताने म्हणतो की समोरच्याने पुन्हा म्हणावं. बायकोने हे केव्हाच ओळखलंय. ती मला घरात कॅप्टनच म्हणते, विशेषतः कचऱ्याची बादली बाहेर न्यायची असली की.

गेल्या हिवाळ्यात पोहण्याच्या स्पर्धेची कमिटी माझ्याकडे आली, तीही असंच ‘कॅप्टन, कॅप्टन’ करत. मांडवीच्या समुद्रात दरवर्षी पाच किलोमीटर पोहण्याची स्पर्धा होते. मांडवीहून निघायचं, भाट्याच्या सुरूच्या बनासमोर एक पिंप तरंगत असतं, त्याला वळसा घालून परत यायचं. कमिटी म्हणजे मुख्यतः दोघंजण. अध्यक्ष फरशीचे व्यापारी. जगातली कुठलीही गोष्ट ते चौरस फुटांत सांगतात, समुद्रसुद्धा. चिटणीस हे शाळेतून निवृत्त झालेले पीटीचे मास्तर. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली तरी शिट्टी गळ्यात असते. चहा पितानाही असते.

“पाच किलोमीटर हे अंतर मापलं कुणी?” मी विचारलं.

“मीच,” चिटणीस म्हणाले. “जायचं अडीच, यायचं अडीच.”

“कशाने मापलंत?”

“स्कूटरने.”

मी चहाचा कप खाली ठेवला.

“म्हणजे रस्त्याने हो,” त्यांनी समजावून सांगितलं. “मांडवीहून निघालो, पुलावरून भाट्याला गेलो, बनापाशी उतरलो. साडेतीन किलोमीटर झालं. आता रस्ता वळणाचा आणि समुद्र सरळ. म्हणून एक वजा केलं.”

हे असं बारा वर्षं चाललं होतं. बारा वर्षं पोरं त्या स्कूटरच्या हिशेबाने पोहत होती, पदकं घेत होती, त्यांचे फोटो दुकानांच्या फलकांवर झळकत होते. कुणाला काही वाटलं नव्हतं. या वर्षी मात्र वरून पत्र आलं. वरून म्हणजे राज्याची निवड जिथं होते तिथून. पाच किलोमीटर एक तास वीस मिनिटांच्या आत पोहणाऱ्याला निवडचाचणीला बोलावणार, पण अंतर उपग्रहाच्या यंत्राने मापलेलं हवं आणि तसा जाणकाराच्या सहीचा दाखला हवा. दाखला नसेल तर ती वेळ धरणार नाहीत. रत्नागिरीत जाणकार शोधायला कमिटीला फार फिरावं लागलं नाही, कारण माझ्या गच्चीत बसून मी रोज संध्याकाळी सगळ्या गावाला जाणकारी ऐकवत असतो.

माझ्याकडे हातात धरायचं एक जीपीएस यंत्र आहे. साबणाच्या वडीपेक्षा थोडं मोठं. नोकरीच्या शेवटच्या वर्षी सिंगापूरला घेतलं होतं. ते कमिटीच्या नाकासमोर धरून मी अर्धा तास व्याख्यान दिलं. वीस हजार किलोमीटर वर उपग्रह फिरतात, त्यातल्या निदान चारांचा निरोप हे यंत्र ऐकतं, आणि तुम्ही कुठं उभे आहात ते तीन मीटरच्या आत सांगतं. समुद्री मैल म्हणजे अठराशे बावन्न मीटर, रस्त्यावरचा मैल वेगळा, किलोमीटर तिसराच. तिन्हींची गल्लत केलीत तर मेलात. पिंपाला नांगर टाकून दोरी सैल सोडलीत तर भरतीला ते एकीकडे जाईल आणि ओहोटीला दुसरीकडे. अध्यक्षांनी मध्येच विचारलं, “तीन मीटर म्हणजे साधारण दहा फूट ना?” मी हो म्हटल्यावर ते म्हणाले, “एवढं तर आमच्या फरशीतही चालतं हो.” त्यांच्या दुकानातून नेलेली फरशी माझ्या न्हाणीघरात आहे, त्यामुळे हे मला पटलं.

होडी एका तांडेलाची ठरली. तांडेल म्हणजे होडी चालवणारा, खलाशांवरचा मुख्य. हा पन्नाशीचा, काळा, आखूड मानेचा माणूस. बोलायला लागला की हसतो की रागावतो ते कळायला वेळ लागतो. होडी द्यायला तो आपणहून पुढं आला, त्याला कारण होतं. त्याची थोरली मुलगी पंधरा वर्षांची. लहानपणापासून समुद्रात, आणि गेली चार वर्षं तरणतलावात सकाळी पाचपासून. पीटीच्या मास्तरांनीच तिला हेरलं होतं, एवढं पुण्य त्यांच्या खात्यावर लिहायला हवं. तिच्या वयोगटाचं हे शेवटचं वर्ष होतं. या स्पर्धेत तास-वीसच्या आत आली तर राज्याची चाचणी, नाही आली तर पुढच्या वर्षी ती मोठ्या मुलींच्या गटात ढकलली जाणार आणि तिथं तिचा निभाव लागणार नाही हे सगळ्यांना माहीत होतं. तिला स्वतःलाही.

“पोरीचा एवडा झाला ना कॅप्टनसायेब,” तांडेल मला म्हणाला, “की मग माजा काय म्हननं न्हाय.”

मी त्याला विचारलं, सुरूच्या बनासमोर पिंप टाकायचं ते किनाऱ्यापासून किती लांब असेल?

“पाच वाव.”

“पाण्याची खोली नाही विचारली मी. लांबी किती?”

“तीच सांगतंय. पाच वावात.”

वाव म्हणजे दोन्ही हात पसरले की जेवढं होतं तेवढं. आमच्याकडचे मच्छीमार त्याने दोरी मोजतात, दोरीने पाणी मोजतात, आणि त्या पाण्यावरून आपण किती लांब आलो ते सांगतात. किती लांब गेला होतास, तर वीस वावात. बंदर किती राहिलं, तर आठ वाव. शेकडो वर्षं हे चाललंय आणि कुणी हरवलेलं नाही. पण मी त्याला सोडला नाही. खोली आणि लांबी यांतला फरक त्याला वाळूवर काठीने आकृती काढून समजावला. तो शांतपणे ऐकून घेत होता. मग म्हणाला, “बरोबर हाय तुमचा. पन पाच वावातच.”

मापायला आम्ही स्पर्धेच्या आदल्या सकाळी गेलो. होडीत मी, तांडेल आणि चिटणीस; अध्यक्षांना दुकान सोडवेना. चिटणीसांना होडी लागते हे त्यांनी होडीत बसल्यावर सांगितलं. मांडवीला सुरुवातीची दोरी बांधली होती, तिथं यंत्रात खूण केली. वारा नव्हता. पाणी तेलासारखं होतं. मापायला याहून चांगला दिवस मागूनही मिळाला नसता, आणि मी ते दोनदा बोलूनही दाखवलं.

आता इथं एक गोष्ट कबूल करायला हवी, कारण सगळं रामायण तिथूनच आहे. अंतर मापायची त्या यंत्रात दोन पानं आहेत. एका पानावर दोन खुणांमधलं सरळ अंतर दिसतं. मापायचं ते त्यानेच, हे पहिल्या वर्षाच्या शिकाऊ मुलालाही ठाऊक असतं. पण त्या पानावरचे आकडे मुंगीएवढे. दुसऱ्या पानावर, तुम्ही निघाल्यापासून एकूण किती हललात त्याची बेरीज येते, स्कूटरच्या मीटरसारखी. त्या पानावरचे आकडे बोटभर उंच. माझा चष्मा घरी राहिला होता. म्हणजे राहिला नव्हता. वर्तमानपत्रात होडीतला फोटो येणार होता, त्यात चष्मा नको म्हणून मी तो टेबलावर ठेवून आलो होतो. पाणी सपाट आहे, होडी नाकासमोर जाणार, मग बेरीज काय आणि सरळ अंतर काय, सारखंच येणार, असं मी मनाशी म्हटलं आणि मोठ्या आकड्यांचं पान उघडलं. स्कूटरला हसणारा माणूस समुद्रात स्कूटरच घेऊन आला होता.

खाडीच्या तोंडाशी पाण्यात एक खडप, म्हणजे खडक, आहे. ओहोटीला उघडं पडतं, भरतीला नुसता फेस दिसतो. तांडेल लोक त्याला देव मानतात. जाळं न घेता होडी बाहेर काढली, तर त्या खडपाला उजवा वळसा घालायचा आणि नारळ सोडायचा, अशी रीत आहे. कारण मला नंतर कळलं, आणि कारण मला फार आवडलं. देवाची समजूत अशी असते की होडी आली म्हणजे मासे मागायला आली. मग बिनजाळ्याची होडी रिकामी परत गेली, तर देवाला वाटेल आपणच उपाशी पाठवली, आणि तो ओशाळेल. म्हणून त्याला जाऊन सांगायचं, बाबा, आज जाळं नाही, आज दुसरं काम आहे, मनाला लावून घेऊ नकोस. जगात देवाची एवढी भीड सांभाळणारी माणसं मी दुसरीकडे पाहिली नाहीत.

तर तांडेलाने होडी खडपाकडे वळवली. सावकाश, अंतर राखून, एक पूर्ण वळसा घेतला. नारळ सोडला. तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणाला, त्यात मुलीचं नाव आलं एवढं मला ऐकू आलं. चिटणीसांनी ओकारी आवरून हात जोडले. आणि मी? उपग्रहांवर अर्धा तास बोललेला, देवधर्माच्या गोष्टी निघाल्या की मिशीत हसणारा मी, मीही यंत्र मांडीवर ठेवून दोन्ही हात जोडले. डोळेसुद्धा मिटले. ती पंधरा वर्षांची पोर माझ्या डोळ्यांसमोर होती आणि तिचं व्हावं असं मला मनापासून वाटत होतं. मांडीवर यंत्र मोजतच होतं. त्याला नमस्कार कळत नाही.

बन समोर आलं, बोटभर आकड्यांत अडीच किलोमीटर झाले, आणि मी हात वर करून ओरडलो, “टाका!” पिंप पडलं. नांगराची दोरी मी स्वतः आखडून बांधली, कुणाला हात लावू दिला नाही. तांडेल आजूबाजूला बघत होता. मग त्याने दोरीला शिसं बांधून खाली सोडलं आणि वर ओढून हातांनी मोजलं.

“साडेचार वाव हाय,” तो म्हणाला. “म्हागारी पडलंय वायच. अजून फुडं पायजे.”

“तांडेल,” मी म्हणालो, “वर उपग्रह आहेत.”

त्याने वर पाहिलं. खरोखर पाहिलं. मग दोरी गुंडाळून ठेवली.

दुसऱ्या दिवशी स्पर्धा झाली. तेरा मुलं-मुली पाण्यात उतरली. तांडेलाची मुलगी एक तास सोळा मिनिटांत आली. चार मिनिटं राखून! तिचा बाप पाण्यात कमरेपर्यंत कपड्यांनिशी उभा होता, त्याने तिला उचलून घेतलं. अध्यक्षांनी ध्वनिक्षेपकावरून सांगितलं की आपल्या कॅप्टनसाहेबांनी उपग्रहाकडून समुद्र मापून घेतला आहे. टाळ्या पडल्या. मी ‘अहो, नाही हो’ म्हटलं. मुलगी माझ्या पाया पडायला आली, तिचे ओठ निळे पडले होते आणि दात वाजत होते. माझ्याकडे ती जरा विचित्र नजरेने पाहत होती, काहीतरी विचारायचं असावं तशी. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि फोटोकडे तोंड केलं.

तीन दिवसांनी दाखल्याचा कागद आला. त्यात अंतराची जागा मोकळी होती आणि खाली माझी सही हवी होती. सोबत होडीच्या वाटेचा एक नकाशा जोडावा असं मला सुचलं. कुणी मागितला नव्हता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. चष्मा लावून मी यंत्रातली वाट कॉम्प्युटरवर काढली. मांडवीहून एक सरळ रेघ निघाली होती, सुरेख, आणि खाडीच्या तोंडाशी त्या रेघेवर एक शून्य होतं. गोल गरगरीत, शाळेतल्या पेपरावर मास्तर देतात तसं.

मला कळायला एक क्षणही लागला नाही. सरळ अंतराचं पान काढलं. दोन हजार तीनशे मीटर. देवाच्या वळशाचे दोनशे मी पोहणाऱ्यांच्या खात्यात लिहिले होते, आणि जाऊन-येऊन त्याचे चारशे झाले होते. एक तास सोळा मिनिटांत ती पोर चार हजार सहाशे मीटर पोहली होती. राहिलेल्या चारशेला तिला सहा मिनिटांच्या वर लागली असती. म्हणजे एक तास बावीस, तेवीस.

“काय झालं, कॅप्टन?” बायकोने दारातून विचारलं.

मी सांगितलं. ती हसेल असं वाटलं होतं. ती हसली नाही. म्हणाली, “आता त्या मुलीला कोण सांगणार?”

आधी मी अध्यक्षांच्या दुकानात गेलो. चिटणीसही तिथंच होते. मी नकाशा फरशांच्या गठ्ठ्यावर पसरला आणि सगळं सांगितलं, चष्म्यासकट. अध्यक्षांनी त्या शून्यावर बोट ठेवलं.

“हे कुणाला दिसणार आहे?”

“मला दिसलं.”

“तुम्ही सोडून.”

“कुणालाच नाही.”

“मग झाकली मूठ सव्वा लाखाची. समुद्र काय उठून साक्ष द्यायला येतोय? पिंप तर आम्ही काढूनही आणलं.” आणि मग एकदम मऊ आवाजात, “अहो कॅप्टन, चारशे मीटर म्हणजे काय हो एवढ्या समुद्रात? आणि पोरगी गरिबाची आहे.”

हा शेवटचा वार खरा होता. बाकीचं सगळं मला एका फुंकरीने उडवता आलं असतं. बारा वर्षं स्कूटरने चालली होती, त्यात कुणाचं काय बिघडलं, असंही चिटणीस म्हणाले. मी त्यांच्या स्कूटरला हसलो होतो, पण स्कूटरने निदान वाटेत कुणाला नमस्कार केला नव्हता. मी कागद खिशात घालून घरी आलो. दोन दिवस तो खिशातच होता. सही करायला मी चार वेळा बसलो. खोटं का बोलू, चारही वेळा सही करायच्याच इच्छेने बसलो. चाचणीच्या ठिकाणी ती कदाचित खरं पाच किलोमीटर तास-वीसमध्ये पोहेलही, माझ्या कागदाने फक्त दार उघडेल, असं मी स्वतःला सांगत होतो. मग आठवायचं की जिला बोलावणं येणार नाही अशी एखादी मुलगी कुठल्या तरी दुसऱ्या गावात नीट मापलेल्या पाण्यात एक तास एकवीसमध्ये पोहली असेल. तिचा बापही कमरेभर पाण्यात उभा असेल.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी तांडेलाच्या घरी गेलो. तो पडवीत जाळं शिवत बसला होता. मला खुर्ची दिली, पाणी दिलं. मी कसंबसं सांगून टाकलं. वळसा, दोनशे, जाऊन-येऊन चारशे, एक तास तेवीस मिनिटं. तो हातातली सुई थांबवून ऐकत होता.

“म्हंजी माज्यामुळं?” तो म्हणाला.

“तुमच्यामुळं नाही. माझ्यामुळं.”

“वळसा मी घेतला.”

“वळसा घ्यायचाच होता. तो मोजायचा नव्हता. मोजला मी.”

“वळसा देवाचा,” तो म्हणाला. “तो मापात धरतात काय कोन?” आता तो हसत नव्हता, रागावलाच होता. “मी तुमाला बोललंव, साडेचार वाव हाय, म्हागारी पडलंय. बोललंव का न्हाय?”

“बोललात.”

“तुमी वरती बघाया लावलंत मला.”

आयुष्यात मला एवढं खरं आणि एवढं थोडक्यात कुणी सुनावलं नव्हतं. मग त्याचा राग ओसरला आणि जे खाली होतं ते वर आलं. “पोरीला सांगू नका,” तो म्हणाला. “करा सही. तुमच्या पाया पडतंय, करा.” आणि तो खरोखरच उठायला लागला. मी त्याचे खांदे धरून त्याला बसवलं. त्याचे खांदे दगडासारखे होते.

मुलगी आतल्या दाराशी उभी होती. शाळेच्या गणवेशात, हातात डबा. केव्हापासून उभी होती कोण जाणे. ती बाहेर आली आणि बापाकडे न बघता माझ्याकडे बघून म्हणाली, “काका, चारशेच का?”

“चारशेच.”

“नक्की?”

मी नकाशा काढून दिला. तिने तो बघितला, शून्यावरून बोट फिरवलं, मग हिशेब करत असल्यासारखी डोळे बारीक करून उभी राहिली. सांगायला लागली तेव्हा आधी बापालाच सांगत असावी असं वाटलं. ती पोहताना हात मोजते. पाण्यात पडल्यापासून एक, दोन, तीन असे. तलावात पाच किलोमीटरला तिचे साडेपाच हजार हात होतात, शे-पन्नास इकडेतिकडे. त्या दिवशी पाच हजार साठ झाले आणि समोर शेवटची दोरी दिसली. तिला वाटलं आपण मोजायला चुकलो. किनाऱ्यावर आल्यावर ती मला तेच विचारणार होती.

“मग विचारलं का नाहीस?” मी म्हणालो.

“तुम्ही यंत्राने मापलं होतंत ना,” ती म्हणाली. “मग माझंच चुकलं असणार.”

पुढचं लवकर सांगतो. दाखल्यावर मी चार हजार सहाशे मीटर लिहिलं आणि सही केली, तिथंच पडवीत, खुर्चीच्या हातावर कागद ठेवून. तेराही जणांच्या वेळा रद्द झाल्या. राज्याच्या चाचणीचं बोलावणं तिला आलं नाही, आणि त्या वयोगटात आता कधीच येणार नाही. अध्यक्षांनी मला कॅप्टन म्हणणं सोडलं; ‘ते जहाजवाले’ म्हणतात. एका गृहस्थांनी माझी समजूत काढली की देवाला वळसा घातल्याचं पुण्य मात्र लागलं असेल. मी त्यांना घराबाहेर काढलं. तांडेल वाटेत दिसला तर मान हलवतो, बोलत नाही, आणि त्यात त्याची काही चूक नाही.

पण हे सगळं नंतरचं. त्या दुपारी मी आकडा लिहिला, सही केली आणि कागद घडी घालायला गेलो, तर मुलीने हात पुढं केला. कागद घेऊन तिने तो आकडा वाचला. एकदा मनात, एकदा मोठ्याने. त्या आकड्याने तिचं काय गेलं हे तिला पूर्ण कळत होतं. तिचे डोळे भरले होते आणि ते तिने पुसलेही नाहीत. तरी बापाकडे वळून ती जे बोलली त्यात मला आनंद ऐकू आला, साधा, शाळेतल्या मुलीचा, गणित जमल्याचा.

“बाबा,” ती म्हणाली, “म्हणजे माझं मोजायचं चुकलं नव्हतं.”